शंभर मीटर, दहा अडथळे : भारतीय महिला हर्डलरच्या वाटचालीचा आढावा

शर्यतीचे गणित

महिलांच्या १०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत प्रत्येक लेनमध्ये दहा अडथळे मांडलेले असतात. अडथळ्याची उंची ८३.८ सेंटिमीटर असते. पहिला अडथळा प्रारंभरेषेपासून १३ मीटरवर, त्यापुढचा प्रत्येक ८.५ मीटरवर आणि शेवटच्या अडथळ्यानंतर अंतिम रेषा १०.५ मीटरवर. ब्लॉकमधून सुटल्यावर पहिल्या अडथळ्यापर्यंत बहुतेक जणी आठ पावले टाकतात, काही सात. पुढे दर दोन अडथळ्यांमध्ये तीन पावले पडतात. अडथळ्यांवरच्या दहा ढांगा आणि शेवटची पाच-सहा पावले मिळवली की सगळी शर्यत साधारण पन्नास पावलांत संपते.

या शर्यतीची खरी कसोटी मधल्या ८.५ मीटरमध्ये लागते. तरबेज हर्डलर अडथळ्याच्या सुमारे दोन मीटर अलीकडून झेप घेते आणि ओलांडल्यावर साधारण मीटरभर अंतरावर पाय टेकते. म्हणजे तीन पावलांसाठी उरतात जेमतेम साडेपाच मीटर. सपाट १०० मीटरमध्ये हीच मुलगी दोन मीटरहून लांब पावले टाकते. इथे तिला ती आखडती घ्यावी लागतात आणि तरीही वेग राखावा लागतो. उंच मुलीचे पुढच्या पायाचे काम सोपे होते, पण मधल्या पावलांत तिची कोंडी होते. बुटक्या मुलीला ती पावले सहज बसतात, पण अडथळ्यावरून जाताना कंबर जास्त उचलावी लागते. म्हणूनच दोन हर्डलर शैलीत क्वचितच एकसारख्या दिसतात.

अडथळ्यावरून जाताना पुढचा पाय गुडघ्यातून उचलून समोर फेकला जातो आणि लगेच खाली ओढला जातो. मागचा पाय बाजूने वळून, काखेखालून यावा तसा पुढे येतो. छाती पुढे झुकते आणि समोरचा हात तोल सांभाळतो. हवेत जितका कमी वेळ जाईल तितके बरे, कारण वेग फक्त जमिनीवर असतानाच मिळवता येतो. अडथळा पायाला लागून पडला तर नियमाने दोष नाही. तो जाणूनबुजून पाडणे किंवा शेजारच्या लेनमधल्या खेळाडूला अडवणे मात्र चालत नाही. पण अडथळा आपोआप पडावा इतका हलकाही नसतो. त्याची वरची पट्टी ढकलायला किमान ३.६ किलो भाराइतका जोर लागतो, आणि तेवढ्या धक्क्याने तीन पावलांची लय मोडू शकते.

८० मीटरपासून १०० मीटरपर्यंत

ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी अडथळ्यांची शर्यत १९३२ साली लॉस एंजेलिसला आली. तेव्हा अंतर होते ८० मीटर, अडथळे आठ आणि उंची ७६.२ सेंटिमीटर. पहिले सुवर्ण अमेरिकेच्या बेब डिड्रिक्सनने जिंकले. १९४८ साली लंडनमध्ये दोन मुलांची आई असलेल्या फॅनी ब्लँकर्स-कोएनने चार सुवर्णपदके मिळवली, त्यांत ही शर्यतही होती. ऑस्ट्रेलियाच्या शर्ली स्ट्रिकलंडने १९५२ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन सुवर्णे घेतली.

ऐंशी मीटरची शर्यत ही मुलींना झेपेल अशा मापाची मानली गेली होती. धावपटू वेगवान होत गेल्या तशी ती मापे अपुरी पडली. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकपासून १०० मीटर, दहा अडथळे आणि ८३.८ सेंटिमीटर उंची आली. ती पहिली शर्यत पूर्व जर्मनीच्या ॲनेलिए एरहार्टने १२.५९ सेकंदांत जिंकली. आशियाच्या बाजूने पाहिले तर तैवानच्या ची चेंगने १९६८ मध्ये मेक्सिकोत ८० मीटरचे ब्राँझ मिळवले होते. पुढे कझाकस्तानच्या ओल्गा शिशिगिनाने २००० साली सिडनीत सुवर्ण जिंकले. आशियाई मुलगी या शर्यतीत जगाच्या अग्रभागी पोहोचू शकते, याचा पुरावा भारताजवळ जुनाच होता.

शिखरावरच्या कारकिर्दी

बल्गेरियाच्या योरदान्का डोन्कोव्हाने ऑगस्ट १९८८ मध्ये १२.२१ सेकंदांचा जागतिक विक्रम केला, तो जवळजवळ २८ वर्षे टिकला. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेच्या केंड्रा हॅरिसनने लंडनमध्ये १२.२० अशी वेळ देऊन तो मोडला. काही दिवसांपूर्वीच ती अमेरिकेच्या निवड स्पर्धेत सहावी आली होती आणि रिओ ऑलिम्पिकच्या संघाबाहेर राहिली होती. जगातली सर्वांत वेगवान हर्डलर त्या वर्षी ऑलिम्पिकला नव्हती, हे या खेळातल्या अटीतटीचे बोलके उदाहरण आहे.

आजचा जागतिक विक्रम नायजेरियाच्या टोबी अमुसानचा, १२.१२ सेकंद. तो तिने २४ जुलै २०२२ रोजी अमेरिकेतल्या युजीन येथे जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत केला. थोड्याच वेळाने अंतिम फेरीत ती १२.०६ मध्ये धावली. ती वेळ विक्रम ठरली नाही, कारण पाठीमागून वाहणारा वारा सेकंदाला २.५ मीटर होता आणि मर्यादा आहे २.०. पदक पक्के झाले, विक्रम मात्र उपांत्य फेरीचाच राहिला.

पडझडीही या शर्यतीचा भाग आहेत. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये गेल डेव्हर्स आघाडीवर असताना दहाव्या अडथळ्याला अडखळली आणि पाचवी आली. त्याच स्पर्धेत तिने सपाट १०० मीटरचे सुवर्ण जिंकले होते. अडथळ्यांत ती तीनदा जगज्जेती झाली, पण ऑलिम्पिक पदक तिला कधीच मिळाले नाही. पोर्तो रिकोची जॅस्मिन कमाचो-क्विन २०१६ मध्ये रिओच्या उपांत्य फेरीत अडथळ्याला धडकून बाद झाली आणि पुढच्याच, टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिने सुवर्ण घेतले. अमेरिकेची निया अली दोन मुलांची आई झाल्यावर २०१९ मध्ये दोहा येथे १२.३४ मध्ये जगज्जेती ठरली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण, रौप्य आणि ब्राँझ यांच्या वेळा होत्या १२.३३, १२.३४ आणि १२.३६. तीन पदकांमध्ये सेकंदाच्या तीन शतांशांचे अंतर होते.

या सगळ्या कारकिर्दींत एक गोष्ट सारखी दिसते. हर्डलर एका मोसमात घडत नाही. लय अंगात मुरायला वर्षे लागतात, आणि एका चुकीनंतर पुन्हा त्याच रेषेवर उभे राहण्याची संधी ज्या व्यवस्थेत मिळते, तिथेच ती वर्षे फळाला येतात.

भारतातली सुरुवात आणि वीस वर्षांचा विक्रम

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला भारताच्या चार महिला गेल्या. त्यांतल्या डॉली नाझीर आणि आरती साहा या जलतरणपटू होत्या, तर निलिमा घोष आणि मेरी डिसोझा या धावपटू. मेरी डिसोझा ही मुंबईच्या वांद्र्यातल्या गोवेकर कुटुंबातली. ती १०० आणि २०० मीटर धावली. कोलकात्याच्या निलिमा घोषने १०० मीटरबरोबर ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत भाग घेतला. भारतीय मुलगी ऑलिम्पिकमध्ये अडथळे ओलांडून धावली ती तेव्हा.

पुढच्या काळात अडथळे म्हटले की भारतीयांच्या डोळ्यांसमोर ४०० मीटरची शर्यत येऊ लागली. एम. डी. वल्सम्माने १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यात सुवर्ण जिंकले. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पी. टी. उषाचे ब्राँझ सेकंदाच्या एका शतांशाने हुकले. तिची वेळ ५५.४२ होती आणि तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूची ५५.४१. या दोन नावांच्या प्रभावाने शाळेतल्या वेगवान मुलीला ४०० मीटर आणि रिलेकडे वळवण्याचा कल वाढला. रिलेत संघाला पदकाची आशा होती. छोट्या अंतराच्या अडथळ्यांसाठी मात्र वेगळा प्रशिक्षक, पुरेसे अडथळे आणि पायाला न बोचणारा ट्रॅक लागतो. या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळणे दुर्मीळ होते.

ओडिशाच्या अनुराधा बिस्वालने या परिस्थितीतून वाट काढली. २००० मध्ये जकार्ता येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने ब्राँझ मिळवले आणि ऑगस्ट २००२ मध्ये दिल्लीत १३.३८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. तो मे २०२२ पर्यंत टिकला. विक्रम वीस वर्षे टिकणे हे अनुराधाच्या गुणवत्तेचे प्रमाण आहे, तसेच तिच्यानंतर मागे राहिलेल्या रिकाम्या जागेचेही.

ज्योती याराजी : कारकीर्द टप्प्याटप्प्याने

ज्योती याराजीचा जन्म २८ ऑगस्ट १९९९ चा, विशाखापट्टणमचा. वडील सुरक्षारक्षक, आई घरकाम आणि रुग्णालयात सफाईचे काम करणारी. शाळेतल्या पीटीच्या शिक्षकांना तिची उंची दिसली आणि ही मुलगी अडथळ्यांसाठी योग्य आहे, असे त्यांना वाटले. २०१५ मध्ये तिने आंध्र प्रदेशातल्या आंतरजिल्हा स्पर्धेत सुवर्ण मिळवले. २०१६ मध्ये ती हैदराबादमधल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) वसतिगृहात द्रोणाचार्य पुरस्कारविजेते प्रशिक्षक एन. रमेश यांच्याकडे गेली. तिथून गुंटूर आणि २०१९ मध्ये भुवनेश्वर. तिथल्या रिलायन्सच्या उच्च-कामगिरी केंद्रात तिला ब्रिटिश प्रशिक्षक जेम्स हिलियर लाभले.

जानेवारी २०२० मध्ये कर्नाटकातल्या मूडबिद्री येथील आंतरविद्यापीठ स्पर्धेत ती १३.०३ मध्ये धावली. अनुराधाच्या विक्रमापेक्षा ही वेळ कितीतरी सरस होती, पण ती विक्रम म्हणून नोंदली गेली नाही. तिथे उत्तेजक चाचणी झाली नव्हती आणि भारतीय ॲथलेटिक्स महासंघाचा तांत्रिक प्रतिनिधीही नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये कोळिकोडच्या फेडरेशन कपमध्ये ती १३.०९ मध्ये धावली. या वेळी वारा सेकंदाला २.१ मीटर होता, म्हणजे मर्यादेहून एक दशांश जास्त. विक्रमापेक्षा वेगवान धाव दोनदा झाली आणि दोन्ही वेळा कागदावर जुनाच आकडा राहिला.

शेवटी १० मे २०२२ रोजी सायप्रसमधल्या लिमासोल येथे १३.२३ ही वेळ मान्य झाली आणि वीस वर्षांचा विक्रम मोडला. त्याच महिन्यात इंग्लंडमधल्या लफबरो येथे १३.११ आणि नेदरलँड्समध्ये १३.०४. एका महिन्यात तीन राष्ट्रीय विक्रम, तिन्ही युरोपच्या मैदानांवर. जिथे वारामापक, इलेक्ट्रॉनिक घड्याळ, चाचणी आणि तोडीस तोड प्रतिस्पर्धी हे सगळे एकाच संध्याकाळी हजर असतात, तिथे गुणवत्तेचे आकड्यांत रूपांतर किती लवकर होते, हे त्या महिन्याने दाखवले.

बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत बाहेर पडली. पण त्याच वर्षी गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिने सपाट १०० मीटरचे सुवर्ण द्युती चंद आणि हिमा दास यांना मागे टाकून जिंकले. १७ ऑक्टोबर २०२२ रोजी बंगळूरला राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत तिने १२.८२ ची वेळ दिली. अधिकृत नोंदीनुसार १३ सेकंदांच्या आत धावणारी ती पहिली भारतीय महिला.

२०२३ हे तिच्या कारकिर्दीतले सर्वांत भरीव वर्ष. फेब्रुवारीत अस्ताना येथे बंदिस्त आशियाई स्पर्धेत ६० मीटर अडथळ्यांचे रौप्य. जुलैत बँकॉक येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत १३.०९ मध्ये सुवर्ण, आणि २०० मीटरमध्ये रौप्य. ऑगस्टमध्ये चेंगदू येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १२.७८ ही विक्रमी वेळ आणि ब्राँझ. मग हांगझोऊची आशियाई स्पर्धा आली.

१ ऑक्टोबरच्या त्या अंतिम शर्यतीत शेजारच्या लेनमधली चीनची वू यान्नी बंदुकीआधी ब्लॉकमधून निघाली आणि तिच्या हालचालीने ज्योतीही हलली. पंचांनी दोघींनाही बाद ठरवले. ज्योती रेषेवरून हटली नाही. तिने चित्रफीत पाहण्याचा आग्रह धरला आणि दोघींनाही निर्णय राखून धावू देण्यात आले. ज्या शर्यतीत पहिल्या आठ पावलांची लय सगळे ठरवते, तिथे इतक्या वेळच्या वादानंतर पुन्हा ब्लॉकवर बसणे ही मनाची जबर परीक्षा होती. ज्योती १२.९१ मध्ये तिसरी आली. नंतर वूला बाद केले गेले आणि ज्योतीचे ब्राँझ रौप्य झाले. सुवर्ण चीनच्या लिन युवेईचे होते, १२.७४ मध्ये.

२०२४ मध्ये तेहरान येथे बंदिस्त आशियाई स्पर्धेचे सुवर्ण आले. मे महिन्यात फिनलंडमधल्या य्वास्क्युला येथे तिने पुन्हा १२.७८ ची वेळ दिली. पॅरिस ऑलिम्पिकची थेट पात्रता १२.७७ होती, म्हणजे एक शतांश कमी पडला. जागतिक क्रमवारीतून तिला प्रवेश मिळाला आणि महिलांच्या १०० मीटर अडथळ्यांत ऑलिम्पिकला धावणारी ती पहिली भारतीय ठरली. पॅरिसला ती प्राथमिक फेरीत १३.१६ मध्ये सातवी आली. त्या वर्षी पहिल्यांदाच ठेवलेल्या रेपेचाज म्हणजे दुसऱ्या संधीच्या फेरीत १३.१७ मध्ये चौथी आली आणि तिथे तिची स्पर्धा संपली. पुढे तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

२०२५ च्या सुरुवातीला फ्रान्समध्ये तिने ६० मीटर अडथळ्यांचा राष्ट्रीय विक्रम ८.०४ पर्यंत आणला. मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या गुमी येथे, पावसाने प्रेक्षागारे रिकामी झालेली असताना, तिने आशियाई अजिंक्यपद १२.९६ या स्पर्धा-विक्रमासह राखले. सुरुवातीला ती मागे होती. शेवटच्या अडथळ्यांवर तिने जपानच्या तनाका युमीला आणि त्याच वू यान्नीला गाठले. त्यानंतर काही आठवड्यांतच सरावात गुडघ्याचे लिगामेंट दुखावले, शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

शरीर, दुखापत आणि वय

हर्डलरच्या पायावर भार विषम पडतो. पुढचा पाय नेहमी तोच, मागचाही तोच. दर शर्यतीत दहा वेळा आणि सरावात शेकडो वेळा एकाच पायावर उतरावे लागते. त्यामुळे मांडीचे मागचे स्नायू, कंबरेचा सांधा, घोटा आणि गुडघा यांवर ताण साचतो. एसीएल म्हणजे गुडघ्यातले पुढचे, फुलीसारखे लिगामेंट फाटले तर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागते, आणि खरे काम त्यानंतर सुरू होते: त्या पायावर पुन्हा निर्धास्त उतरता येणे. मुलींमध्ये पाळीच्या तक्रारी आणि अपुरा आहार यांकडे दुर्लक्ष झाले तर हाडे कमकुवत होऊन बारीक तडे जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रशिक्षकाइतकेच फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञही संघात असायला हवेत.

वयाची बाजू मात्र दिलासा देणारी आहे. ऑस्ट्रेलियाची सॅली पिअरसन २०१२ मध्ये ऑलिम्पिक विजेती होती. मनगटाच्या गंभीर दुखापतीनंतर तिने २०१७ मध्ये, तिशी ओलांडल्यावर, पुन्हा जागतिक सुवर्ण जिंकले. तंत्र पक्के असेल तर हर्डलरला सपाट धावणाऱ्या मुलीपेक्षा उशिरापर्यंत वाव असतो.

मराठी मुलूख आणि माळवा

महाराष्ट्राच्या खेळाडूंमध्ये छोट्या अंतराच्या अडथळ्यांची परंपरा सध्या पुरुषांकडे आहे. मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाने २०१७ मध्ये ११० मीटर अडथळ्यांत १३.४८ चा राष्ट्रीय विक्रम केला. मे २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या देवगाव रंगारीच्या तेजस शिरसेने तो १३.४१ वर आणला, तोही य्वास्क्युलाच्याच स्पर्धेत आणि हिलियर यांच्याच मार्गदर्शनाखाली. विशाखापट्टणमची मुलगी आणि मराठवाड्यातला मुलगा एकाच घडणीतून वर आले, ही गोष्ट महाराष्ट्राने नीट पाहावी. जे मुलाला साधले ते मराठी मुलीला साधू नये, असे कारण या खेळात नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांनाही हे लागू आहे. माळव्यातल्या इंदूरच्या पश्चिमेला फूटी कोठी आणि अन्नपूर्णा रोडच्या बाजूला पसरलेल्या सुदामा नगरसारख्या वसाहतीतून पाहिले की ही घडण कुठे सुरू होते आणि कुठे थांबते हे कळते. वसाहतीत शाळा आहेत, मुलींना मैदानावर पाठवणारी मराठी आणि माळवी घरे आहेत. सुरुवातीला फार काही लागतही नाही. मोजपट्टीने आखलेल्या चुन्याच्या खुणा आणि कमी उंचीचे, धक्क्याने पडणारे अडथळे एवढ्यावर बारा-तेरा वर्षांच्या मुलीला तीन पावलांची लय शिकवता येते. सोळा वर्षांखालील मुलींसाठी शर्यत ८० मीटरचीच असते आणि अठरा वर्षांखालीलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर. मुलगी वाढते तशी उंची वाढते, आणि अंतरही हळूहळू वाढवत नेता येते.

अडचण येते ती त्यानंतर. टणक मातीवर रोज उतरणारा गुडघा सिंथेटिक ट्रॅक मागतो, आणि सोळाव्या वर्षी तिला अडथळ्यांचा जाणकार प्रशिक्षक हवा असतो. राज्याची ॲथलेटिक्स अकादमी सुमारे १९० किलोमीटरवर भोपाळच्या तात्या टोपे स्टेडियमात आहे. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी लक्ष्मीबाई राष्ट्रीय संस्था १९५७ पासून ग्वाल्हेरला आहे. २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा मध्य प्रदेशात झाल्या तेव्हा इंदूरही यजमान शहरांत होते. राज्यात साधने आहेत. वसाहतीतल्या शाळेपासून त्यांच्यापर्यंत जाणारी वाट रुळलेली हवी. विशाखापट्टणमच्या शाळेत एका शिक्षकाने उंची पाहिली आणि पुढच्या माणसाकडे मुलीला सोपवले. सारी कारकीर्द त्या सोपवण्यावर उभी राहिली.

अंतराचा हिशेब

१३.३८ पासून १२.७८ पर्यंत भारताचा विक्रम ०.६० सेकंदांनी सुधारला. धावण्याच्या वेगाने मोजले तर हे अंतर साडेचार मीटरहून अधिक, म्हणजे दोन अडथळ्यांमधल्या जागेच्या निम्म्याहून जास्त भरते. १२.७८ पासून १२.१२ या जागतिक विक्रमापर्यंत ०.६६ सेकंद उरतात. म्हणजे अनुराधाच्या रेषेपासून ज्योती जितकी पुढे आली, जवळपास तितकीच वाट अजून चालायची आहे.

पहिला अर्धा टप्पा वीस वर्षे थांबून राहिला आणि मग सव्वा वर्षात पार झाला. थांबलेल्या वर्षांत धावणाऱ्या मुली नव्हत्या असे नाही. त्यांना जाणकार प्रशिक्षक, चांगला ट्रॅक, नियमित मोठ्या स्पर्धा आणि मान्य होणारी नोंद एकत्र मिळत नव्हती. दुसऱ्या टप्प्याचे प्रमाणही समजण्यासारखे आहे. दर अडथळ्यावर एक शतांश वाचला तर १२.७८ चे १२.६८ होतात. सहा शतांश वाचले तर जागतिक विक्रमाजवळची वेळ हाताशी येते. दहा अडथळ्यांवर वाटून घेतलेले हे काम एका मुलीचे आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या अनेकांचे आहे.